फासा बदलण्याआधी जखमेचा नियम बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायच्या कथाखेळाची २०१४ ची आवृत्ती खेळतो. गटातला एक जण मर्दानी खेळ शिकलेला आहे, दांडपट्टा चालवतो. त्याच्या मते वीस बाजूंच्या फाशामुळे लढाईची लॉटरी होते: कसलेला योद्धा सलग तीनदा चुकतो आणि कालचा पोरगा वीसचं दान टाकून त्याला लोळवतो. म्हणून वीस बाजूंचा एक फासा काढून सहा बाजूंचे तीन फासे आणावेत का, आणि त्याने लढाई खरी वाटेल का, असं तुम्ही डीएम (खेळ चालवणारा) म्हणून विचारता आहात.

नुसता फासा बदललात तर वाटणार नाही, उलट काही बाबतींत आणखी खोटी वाटेल. फासा आणि जखमेचा नियम ही जोडी आहे. एकाला हात लावला की दुसऱ्यालाही लावावा लागतो. आणि लढाई खरी वाटते ती तुमच्या खेळाडूला लढणाऱ्या माणसाला पडतात तेच प्रश्न पडू लागले तर. पुढचं सगळं या दोन मुद्द्यांभोवतीच आहे.

आधी गणित. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा ५ टक्के वेळा पडतो, १ असो, १० असो की २०. तीन फाशांच्या बेरजेत १० आणि ११ प्रत्येकी साडेबारा टक्के वेळा येतात आणि १८ येतं २१६ मधून एकदाच, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हे सगळ्यांना माहीत असतं. सहसा कुणी सांगत नाही ते असं की तीन फाशांचा खरा परिणाम मधल्या फुगवट्यापेक्षा आटोपशीर पसाऱ्यातून येतो. दोघांनी समोरासमोर फासे टाकले आणि एकाला ५ चा बोनस (कौशल्यापोटी दानात मिळवायचा आकडा) आहे असं धरा. वीस बाजूंच्या फाशावर बोनस नसलेला साधारण २६ टक्के वेळा जिंकतो. तीन फाशांवर तो १० टक्क्यांच्या आतच जिंकतो. कौशल्याला न्याय मिळाला असं वाटतं खरं, पण वीस बाजूंचाच फासा ठेवून बोनस ५ चा १० केलात तरी कमकुवत गड्याची संधी ११ टक्क्यांवर येते, म्हणजे जवळपास तीच. तीन फासे घेतले की तुमच्या पुस्तकातला प्रत्येक बोनस गुपचूप दुप्पट होतो. तुमच्या मित्राला जे हवं आहे ते नुसते बोनस वाढवूनही मिळालं असतं.

आता हे दुप्पट झालेले बोनस खेळात कुठे जाऊन बसतात ते बघा. तुमचा पॅलॅडिन (धर्मयोद्धा) पूर्ण चिलखतात आहे, हातात ढाल आहे, आर्मर क्लास (वार लागायला दान आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) २०. समोर पाच गोब्लिन, प्रत्येकाचा हल्ल्याचा बोनस ४. प्रत्येकाला १६ किंवा वरचं दान हवं. वीस बाजूंच्या फाशावर ते २५ टक्के वेळा पडतं, त्यामुळे एका फेरीत पाचांपैकी निदान एकाचा वार लागण्याची शक्यता ७६ टक्के होते. तीन फाशांवर १६ किंवा वरचं दान ४.६ टक्के वेळाच पडतं आणि पाच जण मिळूनही फेरीत एखादा वार लागण्याची शक्यता २१ टक्क्यांवर येते. पॅलॅडिन पाच जणांच्या मधोमध निवांत उभा राहतो. पट्टा चालवणाऱ्या तुमच्या मित्रालाच विचारा, पाच जणांनी घेरलेला माणूस किती निवांत असतो. चिलखत कितीही जाड असो, मागून पाय ओढणारा एक जण पुरतो. म्हणजे वास्तव आणण्यासाठी केलेला बदल नेमका संख्याबळाच्या वास्तवावर येऊन आपटला. २०१४ च्या आवृत्तीत बोनस मुद्दाम लहान ठेवले आहेत ते यासाठीच, की फुटकळ शत्रू पुष्कळ असले तर वरच्या पातळीच्या पात्रालाही घाम फुटावा.

क्रिटचंही (वीसचं दान पडलं की बसणाऱ्या जबर वाराचंही) तसंच. वीसच्या जागी १८ धरलंत तर क्रिट दहापट दुर्मीळ होतात आणि क्रिटवर उभारलेल्या क्षमता वाया जातात. १६ ते १८ ला क्रिट धरा, म्हणजे ४.६ टक्के मिळतात आणि जुनं प्रमाण जवळजवळ राहतं. एवढी डागडुजी तरी करावीच लागते.

वीस बाजूंचा फासा या खेळात आला कसा हे पाहिलं की जोडीचा मुद्दा उलगडतो. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे चेनमेल नावाचे मध्ययुगीन युद्धखेळाचे नियम आले. त्यात माणसाला माणूस भिडला की सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, शस्त्र आणि समोरच्याचं चिलखत यांचा तक्ता बघायचा आणि दान पुरलं की समोरचा मेला. मध्ये काही नाही. फासे दोन, दानं मधल्या आकड्यांकडे झुकणारी आणि एका वारात निकाल. डेव्ह आर्नेसन आपल्या गटात एकेका पात्राचा खेळ खेळवू लागला तेव्हा लोकांना आपलं पात्र एका दानात मरावं हे पचेना. त्याने आरमारी युद्धखेळांतली कल्पना उचलली: जहाज एका गोळ्यात बुडत नाही, मार सोसत सोसत बुडतं. तिथून हिट पॉइंट (पात्र किती मार सोसेल तो आकडा) आले. १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ‘पर्यायी’ पद्धत म्हणून वीस बाजूंचा फासा आला आणि पुढे तीच मुख्य झाली. (तेव्हाच्या या फाशांवर बहुधा ० ते ९ हे आकडे दोनदा छापलेले असत, एका खेपेला रंग भरून किंवा सोबत दुसरा फासा टाकून १ ते १० आणि ११ ते २० वेगळे करायचे.)

लहरी फासा चालतो, कारण निकाल एका दानावर नसतो. पाचव्या पातळीच्या फायटरचे (योद्धा पात्राचे) हिट पॉइंट साधारण ४४ असतात. लाँगसोर्डचा वार सरासरी साडेसातचा. त्याला पाडायला सहा वार लागायला हवेत आणि ६५ टक्के वार लागतात असं धरलं तर नऊएक दानं टाकावी लागतात. नऊ दानांची सरासरी आपोआपच मधे येते. एकेक दान लहरी, पण अख्खी लढाई बऱ्यापैकी अंदाजात बसणारी. तुमच्या मित्राला जी लॉटरी दिसते ती एका वाराची आहे, लढाईची नाही.

त्याची खरी तक्रार इथे असायला हवी होती, की पाच तलवारी लागूनही हा फायटर पहिल्याइतकाच जोमाने लढतो. गायगॅक्सने १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की हिट पॉइंट म्हणजे निव्वळ रक्तमांस नाही, त्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपा सगळं येतं. ते पटण्यासारखं आहे. पण मग डीएमने बोलतानाही तसंच बोलायला हवं. पहिले तीस हिट पॉइंट जाताना ‘तलवार खांद्यात घुसली’ म्हणू नका. ‘ढालीवर घेतलास, हात बधिर झाला’, ‘पाय घसरला, कसाबसा सावरलास’ असं म्हणा. रक्त शेवटच्या दहांत दाखवा. यात एकही नियम बदलत नाही, तरी टेबलावरची लढाई पुष्कळ खरी वाटू लागते.

आता दुसऱ्या टोकाची जोडी बघा. १९८६ मध्ये स्टीव्ह जॅक्सनचा गर्प्स हा असाच पात्रांचा खेळ आला. तीन फासे, बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी पडली की यश. फेरी एका सेकंदाची. इथे एक वार सावकाश पाहू. तलवारीचं कौशल्य १४, म्हणजे वार ९१ टक्के वेळा नेमका जातो. पण समोरच्याला बचावाचा स्वतःचा फासा आहे. तोही १४ चा असेल तर वार अडवण्यासाठी त्याचा आकडा १०, म्हणजे निम्म्या वेळा अडवतो. साधारण ४५ टक्के वार अंगावर पोचतात. ताकद ११ असलेल्याचा सरळ तलवारीचा वार म्हणजे एक फासा अधिक २, आणि धारेच्या शस्त्राची इजा दीडपट. समोरच्याचे हिट पॉइंट ११ असून अंगात चिलखत नसेल तर सहापैकी पाच दानांवर इजा निम्म्याहून अधिक होते आणि ती मोठी जखम ठरते. लगेच प्रकृतीचा फासा टाकायचा. प्रकृती ११ असेल तर साडेसदतीस टक्के वेळा माणूस कोसळतो आणि सुन्न होतो. उभा राहिला तरी वेदनेमुळे पुढच्या सेकंदाला त्याच्या वाराचं कौशल्य ४ ने घटतं, म्हणजे १४ चं १०, नव्वद टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर. लढाई दोन-तीन सेकंदांत संपते.

इथे वीस बाजूंचा सपाट फासा ठेवला असता तर खेळ खेळण्याजोगा राहिला नसता. एका लागलेल्या वारात निकाल लागणार असेल तर दान भरवशाचं हवं आणि हातात बचाव हवा. हिट पॉइंट भरपूर असतील तर दान लहरी चालतं. तुम्ही विचारलेला बदल या दोहोंच्या मधोमध लोंबकळतो: भरवशाचे फासे आणि वर भरपूर हिट पॉइंट. त्यातून येतात त्या लांबलचक, निकाल आधीच कळलेल्या लढाया.

गर्प्समधलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. कौशल्य १८ असलेल्याने साधा वार केला तर तो ९८ टक्के नेमका, पण समोरचा निम्मे अडवतोच. पदरात ४९ टक्के. नियम असा की आपल्या कौशल्यातले २ सोडले की समोरच्याच्या बचावातला १ जातो, म्हणजे फसवा वार. ४ सोडून १४ वर आलात तर समोरच्याचा बचाव १० वरून ८ वर येतो आणि तुमचे वार ६७ टक्के पोचतात. हुशार खेळाडू इथे थांबून विचार करतो: हा किती सावध आहे, याला हूल द्यावी की सरळ घ्यावं? पवित्र्यात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात हेच चाललेलं असतं. नवशिक्याला हा पर्याय परवडत नाही, कारण त्याच्याकडे सोडायला काही नसतं. उस्तादाचं उस्तादपण इथे नुसत्या मोठ्या आकड्यात राहत नाही, निवडीत दिसतं.

दांडपट्ट्याची अडचण खरी आहे. सहा सेकंदांच्या फेरीत एक वार, हे पट्टा फिरवणाऱ्याला हास्यास्पद वाटणारच. पंजापासून कोपराजवळपर्यंत खोबळ्यात बंद असलेला हात, मनगट वळत नाही, पातं लांब आणि लवचीक. फिरकी सतत चालू राहते आणि आजूबाजूच्यांना आत शिरू देत नाही. पण १९७९ च्या नियमांत फेरी तब्बल एका मिनिटाची होती आणि दान म्हणजे एक वार नव्हताच. त्या मिनिटातल्या सगळ्या हुली, अडवाअडवी आणि पुढेमागे होण्यातून सापडलेली खरी फट म्हणजे दान. पुढे फेरी सहा सेकंदांवर आली आणि हा अर्थ विसरला गेला. पट्टेवाल्यासाठी एवढंच करा: त्याच्या पल्ल्यात जो शत्रू शिरेल त्याच्यावर प्रतिक्रियेचा वार. लांब दांड्याच्या शस्त्रांसाठी असा पर्याय पोलआर्म मास्टर या फीटमध्ये (पात्राने निवडायच्या खास कसबात) तयारच आहे. तो पट्ट्याला लावा.

पल्ला हा विषय या खेळांनी एकंदर कमी लेखला आहे. मोकळ्या जागेत भालेवाला तलवारवाल्याला जवळ येऊ देत नाही आणि तलवारवाला एकदा आत शिरला की भाल्याचा दांडा अडचण होतो. एका साध्या नियमाने हे आणता येतं: लांब शस्त्रवाल्याचा पहिला वार आधी, आणि तो चुकला तर आत शिरलेल्याला पुढच्या वारासाठी ॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठं दान धरायचं).

चिलखताबद्दल तक्रार करणाऱ्यांना मी नेहमी रूनक्वेस्ट दाखवतो. १९७८ चा खेळ. तो लिहिणारा स्टीव्ह पेरिन हौशी मध्ययुगीन लढती स्वतः लढलेला होता, आणि ते नियमांत उतरलं. टक्क्यांत मोजलेलं कौशल्य, बचावाचा स्वतंत्र फासा, चिलखत इजेतून वजा होणारं आणि वार कुठे लागला याचा वीस बाजूंचा फासा: १ ते ८ पाय, ९ ते ११ पोट, १२ छाती, १३ ते १८ हात, १९ आणि २० डोकं. म्हणजे ४० टक्के वार पायांवर. लोक याला हसतात. पण १३६१ मध्ये गॉटलंड बेटावर व्हिस्बीजवळ डॅनिश सैन्याने स्थानिक शेतकऱ्यांची फौज कापली, तिथल्या सामूहिक थडग्यांतल्या हाडांवर गुडघ्याखालच्या जखमा मोठ्या संख्येने सापडल्या. ढालीने धड झाकलं की पाय उघडे पडतात. उलट १४६१ च्या टाउटनच्या लढाईतलं थडगं १९९६ मध्ये सापडलं, त्यात कवट्यांवर एकापेक्षा अधिक घाव होते. पडलेल्यावर किंवा पळणाऱ्यावर घातलेले घाव असे दिसतात. म्हणजे ‘वार कुठे लागतो’ याचा एकच खरा तक्ता नसतो. ढाल आहे का, माणूस उभा आहे की पळतोय, यावर तो बदलतो. तक्ता वापरायचाच तर असे दोन ठेवा.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये चिलखताने वार ‘चुकतो’, हे मला मात्र तितकं खटकत नाही. पत्र्याच्या पूर्ण चिलखतावर तलवार चालवून काही होत नाही. काखेत, मांडीच्या सांध्यात, शिरस्त्राणाच्या फटीत टोक घालावं लागतं. ती फट सापडली की लागला, नाही तर नाही. दानाचा हा अर्थ वास्तवाच्या बऱ्याच जवळ जातो.

आळीपाळीने खेळण्यात मात्र फार मोठं वास्तव हरवतं. खऱ्या हातघाईत सगळ्यात मोठी भीती असते ती दोघांनी एकाच क्षणी वार करण्याची. मी त्याला मारलं आणि त्याने मलाही. युरोपीय जुनी तलवारबाजी आज खेळणारे लोक यावर सतत बोलतात. ‘माझी पाळी, आता तुझी पाळी’ असं झालं की ही भीतीच नाहीशी होते. जेक नॉरवूडच्या द रिडल ऑफ स्टील या खेळात चकमकीच्या सुरुवातीला दोघांनी एकदम लाल किंवा पांढरा फासा टाकायचा असतो. लाल म्हणजे मी चढाई करणार, पांढरा म्हणजे बचाव. दोन्ही लाल पडले की दोघेही एकमेकांच्या अंगावर येतात आणि बहुतेक वेळा दोघेही घायाळ होतात. शिवाय हातातल्या फाशांची रास वार आणि बचाव यांत आपणच वाटायची. एका चालीत सगळे फासे वारात घातले तर बचावाला हात रिकामे. हे एकदा खेळून बघाच. तलवार समोर असताना माणसं किती सावध होतात ते टेबलावर दिसतं.

मोठ्या तक्त्यांच्या खेळांविषयी थोडक्यातच सांगतो. रोलमास्टरच्या परिवारातले जखमांचे तक्ते वाचायला रंगतदार आहेत, पण प्रत्येक वाराला पान उलटावं लागलं की एका सेकंदाच्या चकमकीला अर्धा तास जातो आणि लढाईतली घाई, घुसमट, काही सुचेनासं होणं सगळं निघून जातं. बारकावे वाढले की वास्तव वाढतं असं नाही.

आणि आता ज्याच्याविना बाकी सगळं व्यर्थ वाटतं ती गोष्ट: मनोधैर्य. खऱ्या लढाईत बहुतेक माणसं शेवटपर्यंत लढत नाहीत. ती कच खातात, काढता पाय घेतात, शस्त्र टाकतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक नियमांत प्रत्येक प्राण्याला २ ते १२ मधला धैर्याचा आकडा होता. आपल्यातला पहिला पडला की आणि मग निम्मे पडले की डीएमने दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली की ते मागे हटतात. धैर्य ७ असेल तर एका तपासणीत पळण्याची शक्यता ४२ टक्के, आणि दोन्ही तपासण्या निभावून शेवटपर्यंत लढण्याची जेमतेम ३४. म्हणजे तीनपैकी दोन लढाया कत्तल न होता संपतात. २०१४ च्या आवृत्तीत हा नियम डीएमच्या पुस्तकात ऐच्छिक म्हणून उरला आहे आणि बहुतेक गटांनी तो उघडूनही पाहिलेला नसतो. तो आणलात की लगेच नवे प्रश्न उभे राहतात. पळालेले खबर देतील का? शरण आलेल्याचं काय करायचं? म्होरक्याला आधी पाडलं तर बाकीचे फुटतील का? सेनापती पडला की फौज फुटते हे आपल्या इतिहासात किती वेळा घडलं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

तेव्हा तुमच्या टेबलासाठी माझा सल्ला असा. वीस बाजूंचा फासा राहू द्या. पुढच्याच सत्रापासून मनोधैर्याचे दोन फासे आणा. पात्राचे हिट पॉइंट पहिल्यांदा निम्म्याखाली गेले की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (प्रकृतीच्या बळावर तग धरण्याचा फासा) मागा, १० चा. चुकला तर पुढच्या वाराला डिसॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून लहान दान धरायचं), म्हणजे ६५ टक्क्यांचे ४२ होतात आणि जखम जाणवते. हाच नियम शत्रूंनाही लावा, नाही तर खेळाडूंना तो जाच वाटेल. फेरीच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपण काय करणार ते आधी सांगायचं आणि मग फासे. दोघे एकमेकांवरच धावले असतील तर एक पडला तरी दुसऱ्याचं दान मोजायचं. हे तीन नियम काही सत्रं टिकले तरच चौथ्याचा विचार करा.

आणि तुमच्या मित्रासाठी एक वेगळी संध्याकाळ ठेवा. गर्प्स लाइट फुकट मिळतं, पानं थोडीच आहेत. मोहीम नको, कथा नको. दोन पात्रं, चिलखत नाही, एकाच्या हातात तलवार, दुसऱ्याच्या हातात भाला. पट्टा त्याला स्वतःलाच नियमांत बसवू द्या. पल्ला किती, फिरकीला बचावात किती बोनस, मनगट वळत नाही म्हणून काय उणं, हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं.